वऱ्हाडाचं गरम पाणी

२ डिसेंबर २००१
आमच्या प्रियदर्शनीचं लग्न पुढच्या रविवारी. मंगल कार्यालयाचे मालक तात्याराव म्हणाले, बॉयलर बंद आहे, कंट्रोल ट्रान्सफॉर्मर जळालाय, मेकॅनिक पंधरा दिवस मिळत नाही. म्हणालो, मी बसवतो. त्या बदल्यात वऱ्हाडाला खोल्या एक दिवस आधी द्या. पक्कं. घरी बायकोनं, सत्यशीलेनं, कपाळावर हात मारला. व्हीआरएसपूर्वी सव्वीस वर्षं पर्चेसमध्ये होतो. असे हजारो ट्रान्सफॉर्मर मागवलेत. मागवणं अवघड. बसवणं म्हणजे चार वायरी.

४ डिसेंबर
नवा आणला. एका बाजूला २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला २४. बसवला. बटण दाबलं. वास आला. माल डुप्लिकेट. मार्केट ओपन झाल्यापासून क्वालिटी राहिलेली नाही.

६ डिसेंबर
दुसरा. ब्रँडेड. वास तोच.
प्रियदर्शनीनं विचारलं, आधीचा का जळाला ते पाहिलंत का? सॉफ्टवेअरवाल्यांना हार्डवेअर कळत नाही. म्हणालो, तू मेंदीचं बघ.

७ डिसेंबर
तिसरा घेतला. बसवला नाही. जोवर बसवत नाही तोवर तो उत्तम स्थितीत आहे.
सत्यशीला म्हणते, भाड्यानं बंब आणू. सक्त नकार. व्याह्यांना फोनवर 'चोवीस तास गरम पाणी' सांगून बसलोय. आता बंब कसे दाखवणार?

८ डिसेंबर, संध्याकाळ
अकोल्याहून पंचावन्न माणसं उतरली. सगळी कुडकुडत. व्याही हिंमतराव अगदीच अबोल. त्यांना अर्धा तास बॉयलर समजावून सांगितला. बिचारे ऐकत राहिले.

९ डिसेंबर, पहाटे ५.१०
बॉयलर रूममध्ये. कोणी डिस्टर्ब करू नये म्हणून वॉचमनला बाहेरून कडी लावायला सांगितली.

५.४०
तिसरा बसवला. बटण दाबायचं राहिलंय. हात पुढे होत नाही. घाई कशाला?

५.५०
आतून दार वाजवलं. वॉचमन चहाला गेलेला दिसतो.

६.०५
बाहेर बादल्यांचे आवाज. कोणीतरी विचारतंय, मुलीचे वडील कुठायत? श्वास रोखून बसलो. खिडकी नाही. मग प्रियदर्शनी दाराशी. "बाबा, आत आहात ना? पाणी नसलं तरी चालेल. कडी काढते, तुम्ही बाहेर या." ओरडलो, पाच मिनिटं! आवाज रडका आला. धूळ फार आहे इथे.

६.२०
कडी निघाली. हिंमतराव, खांद्यावर टॉवेल. म्हणाले, "थर्मोस्टॅटची वायर पाहिली का जी?" बनियनवर खाली बसले. वायर उंदरानं कुरतडलेली, पत्र्याला टेकलेली. दर वेळी तिथेच शॉर्ट. टेप गुंडाळली, बटण दाबलं. बर्नर धडधडला. कापड गिरणीच्या बॉयलरवर तीस वर्षं होते म्हणे! म्हणालो, काल बोलला का नाहीत?
"तुम्ही बोलत होते ना जी."

रात्री
मुलगी गेली. सगळ्यांच्या अंघोळी वेळेत झाल्या. एकूण माझं नियोजन यशस्वी.

२२ डिसेंबर
प्रियदर्शनीचा बाणेरहून फोन. नव्या फ्लॅटमधला गीझर बंद. म्हणालो, अर्ध्या तासात पोचतो, टूलबॉक्स काढलाच आहे. ती म्हणाली, "तुम्ही येऊ नका, बाबा. आमच्या फोनला अजून एसटीडी नाही, परगावी लागत नाही. अकोल्याच्या बाबांना विचाराल, काय करायचं ते?"
विचारलं. लिहून घेतलं. तिला सावकाश वाचून दाखवलं.