बंदूक कोणाला मिळू नये याबाबत

मी, खाली सही करणार जोतीराम दत्तोबा गलांडे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार डाळज, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते असे :

माझी बुद्धी शाबूत आहे. डावा कान अधू आहे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, बाकी तब्येत ठीक. इंदापूरच्या वकीलसाहेबांनी कच्चा मसुदा करून दिला, त्यात "कोणाच्याही धाकाशिवाय व निर्भयपणे" असे शब्द होते. ते मी खोडले. वकीलसाहेब म्हणाले, "तात्या, हे शब्द लागतातच. उद्या कुणी कोर्टात गेलं म्हणजे?" मी म्हणालो, "साहेब, मरताना खोटं कशाला लिहू? भीती वाटती म्हणून तर तुमच्या पायऱ्या चढलो." शेवटी असं ठरलं की कोणा माणसाचा दबाव नाही, एवढंच लिहावं. तर माझ्यावर कोणा माणसाचा दबाव नाही. भीती आहे ती लोखंडी कपाटातल्या बंदुकीची, आणि माझ्यामागं ती कोणाच्या हातात जाईल याची.

कलम १. माझे वारस म्हणजे पत्नी बनाबाई, मुलगा इंद्रजित आणि बावड्यात दिलेली मुलगी अनिता. इंद्रजितची बायको माधवी बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात मशिनांच्या देखभालीवर आहे, रोज मोटारसायकलनं जाऊन-येऊन करते. त्यांची मुलगी श्रेया, माझी नात. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माधवीनं करावी. सुनेला कसं नेमलं म्हणून भावकीत कुजबुज होईल. होऊ द्या.

कलम २. राहते घर बनाबाई हयात असेतोवर तिचे. तिला विचारल्याशिवाय कोणी भिंतीत खिळासुद्धा ठोकू नये. तिच्यामागे ते इंद्रजितचे. द्राक्षबाग इंद्रजितला, कारण तिच्यात त्यानं कष्ट केलेत, हे मी नाकारत नाही. कॅनॉलखालचा उसाचा तुकडा अनिताला. अनिता, भाऊ तोंड पाडून बसेल म्हणून तलाठ्यापुढं हक्कसोड लिहून द्यायचं नाही. तसं केलंस तर मी स्वप्नात येईन, आणि तुला माहीत आहे मी कसा ओरडतो.

कलम ३. फवारणीचा पंप, छाटणीच्या कात्र्या, दोन्ही मोटारी व ट्रॅक्टर बागेबरोबर जातील. माझी अॅल्युमिनियमची शिडी शेजारी सर्जेराव पानसरे यांच्याकडं आहे. नारळ काढायला म्हणून नेली, तेव्हा त्यांच्या दारचं नारळाचं झाड गुडघ्याएवढं होतं. ती परत आणावी. सर्जेराव या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि हे कलम मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आहे.

कलम ४. आता बंदूक.

बारा बोअरची विलायती बंदूक. परवान्यावर "सेमी-ऑटोमॅटिक" असं लिहिलं आहे. वडील कै. दत्तोबा, म्हणजे इंद्रजितचे आबा, यांच्या परवान्यावर ती पिकाच्या राखणीसाठी नोंदलेली होती, त्यांच्यामागं माझ्या नावावर आली. मी ती मागितली नव्हती. गावात मला "बंदूकवाले तात्या" म्हणतात आणि त्या नावावर मी दोनदा सोसायटीत निवडून आलो, पण खरं सांगायचं तर या बंदुकीला हात लावताना माझ्या तळहाताला घाम सुटतो. पहिल्या दिवसापासून सुटतो. बनाबाईला हे लग्नापासून ठाऊक आहे आणि तिनं ते कधी चारचौघांत काढलं नाही, याबद्दल माझे तिच्यावर उपकार नसून तिचे माझ्यावर आहेत.

इंद्रजितला ही बंदूक हवी आहे. तो घाबरत नाही. मला त्याचीच भीती वाटते.

कलम ५. ही बंदूक अडते का, हे सगळ्यांना कळावं म्हणून लिहितो. या बंदुकीत एक काडतूस उडालं की त्याच्याच धक्क्यानं नळी मागं येते, रिकामं टरफल बाहेर फेकलं जातं आणि पुढचं काडतूस आपोआप आत बसतं. रानडुकरांसाठीचं जड काडतूस असलं की धक्का भरपूर, सगळं सुरळीत होतं. पण द्राक्षावर पाखरं उतरली की नुसत्या आवाजासाठी आम्ही हलकी काडतुसं आणतो. ती घातली की पहिला बार होतो आणि बंदूक अडते. टरफल अर्धं बाहेर, अर्धं आत, दारात बोट सापडावं तसं. वडिलांच्या काळी असं होत नव्हतं.

मागल्या खंडेनवमीला काय झालं ते आता लिहितो.

आमच्यात खंडेनवमीला कोयते, खुरपी, कात्र्या, ट्रॅक्टर आणि बंदूक यांची पूजा होते. पूजेनंतर शेताकडं तोंड करून हवेत एक बार काढायचा, ही वडिलांची रीत. अशा आनंदाच्या बाराला आता कायद्यानं बंदी आहे. माधवी त्या दिवशी कामावर होती. मी म्हणालो, "औंदा बार नको." इंद्रजित म्हणाला, "काय तात्या, एवढं भिता व्हय? आबांच्या टायमापासनं चालत आलंय." मोबाईल त्यानं ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चित्रीकरणाला लावून ठेवला होता. त्यानं हलकी काडतुसं भरली, एक उडवलं, आणि बंदूक अडली. मग नळी खाली अंगणाकडं झुकवून त्यानं ते टरफल ओढून काढलं. टरफल निघालं, खिट्टी सुटली, पुढचं काडतूस खाटकन आत गेलं, आणि त्याचं बोट चापातच होतं. बार झाला.

धूळ उडाली. कुत्रं बागेत पळालं. इंद्रजित हसला. "काय झालं न्हाय, मातीत गेली," म्हणाला आणि मोबाईल बघायला गेला.

बंदूक पुन्हा अडलेलीच होती, मागं आणखी काडतुसं होती. मी ती तशीच उचलली, नळी भिंतीकडं करून कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. भरलेली बंदूक घरात आणि पलीकडच्या खोलीत आम्ही झोपलेलो. दिवाळी गेली, बागेची छाटणी झाली, तरी कपाट उघडायची माझी छाती होईना. भांडं पडलं तरी मी दचकायचो. कपाटावरून पाल गेली तरी वाटायचं, आता उडते.

कलम ६. शेवटी मी माधवीला सांगितलं की कपाटात बंदूक भरलेलीच आहे. तिला सुट्टी होती, इंद्रजित द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडं गेला होता. तिनं बंदूक मुरमाच्या ढिगाकडं तोंड करून मांडली आणि मला म्हणाली, "तात्या, चापाजवळ बोट न्यायचं न्हाय. तुमचंबी न्हाय, माजंबी न्हाय." मग एकेक काडतूस बाहेर काढलं. तेवढ्या वेळात माझा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

रिकामी झाल्यावर ती म्हणाली, "जड काडतूस चालतंय, म्हंजी मोडलेलं काय न्हाय. हलक्याचा जोर मधीच कायतरी खातंय." पुढचं लाकूड उतरवलं. आत काडतुसांच्या नळकांड्यावर एक लांब स्प्रिंग आणि एक कडी असते. कडीची जागा बदलता येते. जड काडतुसाला ती स्प्रिंगच्या पुढं ठेवायची, म्हणजे धक्क्याला लगाम बसतो. हलक्याला मागं, म्हणजे लगाम सैल. आमची पुढं होती. वडील दरवेळी बदलत असणार, मला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही ती मागं घातली, तरी नळी हातानं दाबून बघितली तर जडच सरके. माधवीनं नखानं नळकांडं खरवडलं. पिवळा-लाल खपला निघाला. तिनं वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"तात्या, ही हळद हाय. आन दूध."

दर खंडेनवमीला बनाबाई बंदुकीला पंचामृताची आंघोळ घालायची. दूध, दही, तूप, मध, साखर, वर हळदकुंकू. कोयते पुसून निघतात. बंदूक वरून पुसली जायची, आत जे गेलं ते गेलं. वर्षानुवर्षांचं पंचामृत त्या स्प्रिंगवर वाळून खडीसाखर झालं होतं. जड काडतूस ते ढकलून नेई, हलक्याला ते जमत नसे. रॉकेलनं सगळं धुतलं, पुसलं, तेलाचं एक बोट फिरवलं.

बनाबाई दारात उभी राहून बघत होती. ती रागावली. "देवाचं लागलं म्हणून अडती व्हय ती?" म्हणाली. मग रॉकेलचा बोळा उचलून बाहेर टाकत म्हणाली, "अडत हुती ते बरं हुतं वो."

कलम ७. दुसऱ्या दिवशी पडीक रानात बांधाला तोंड करून मी हलकी काडतुसं उडवली. एक, दोन, तीन. टरफलं उजव्या हाताला उडून पडली, कुठं अडलं नाही, आणि मी तिथंच बांधावर बसलो. पूर्वी ती एका बारानंतर थांबायची. आता बोट राहिलं तर पुढचा बार तयार असतो. अडली तर इंद्रजित खटपट करणार, चालली तर तो उडवत सुटणार. दोन्हीकडून माझाच जीव टांगलेला. बंदूक दुरुस्त झाली आहे हे इंद्रजितला माहीत नाही. हे वाचेल तेव्हा कळेल, म्हणून पुढचं कलम.

कलम ८. माझा जीव गेल्यावर, तिरडी बांधायच्या आधी, माधवीनं करगोट्याची किल्ली सोडून घ्यावी. रडारड चालू असेल, तरी घ्यावी. त्याच दिवशी पोलीस ठाण्याला कळवून बंदूक, उरलेली काडतुसं आणि परवाना तिथं जमा करावा, पावती घ्यावी, आणि बंदूक मोडीत काढावी असा अर्ज द्यावा. कोणाही वारसानं परवान्यासाठी अर्ज करू नये. विकूही नये. दुसऱ्याच्या अंगणात गेली म्हणून तिची नळी वाकडी होणार नाही.

इंद्रजित, तू म्हणशील म्हाताऱ्यानं आबांची आठवण भंगारात घातली. आबांचा फोटो आहे, फेटा आहे, विहीर आहे. आठवण काढायला तेवढं बास आहे. तू वाईट नाहीस. आईचं दुखणं काढलंस, गारपिटीत बाग गेली तेव्हा मला धीर दिलास. माझं सगळं तुझ्यात आलं. नाक आलं, चिडकेपणा आला, भातावर ताक ओतून खायची खोड आली. भीती तेवढी आली नाही, आणि घरात बंदूक असताना तीच लागते रे.

कलम ९. कपाटाच्या खालच्या कप्प्यात पितळी डबा आहे. तो इंद्रजितला द्यावा. त्यानं तो माधवीसमोर उघडावा, दुसऱ्या कोणासमोर नाही, आणि श्रेयासमोर तर मुळीच नाही.

डब्यात श्रेयाचा हिरवा खणाचा परकर आहे. उंदरानं कुरतडला म्हणून आजीनं टाकून दिला असं तिला सांगितलं होतं, आणि ती दोन दिवस रुसली होती. त्या खंडेनवमीला ती तुळशीपाशी उकिडवी बसून रांगोळीत रंग भरत होती. परकराचा घेर भुईवर पसरलेला. इंद्रजित, तू टरफल ओढत होतास तेव्हा ती तुझ्या डाव्या अंगाला होती, तुला दिसली नाही. बार झाल्यावर घाबरून आत पळाली आणि आजीच्या कुशीत शिरली. बनानं तिला सगळीकडून चाचपली. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मग परकर उतरवला आणि मला आत बोलावलं.

तू तेव्हा बाहेर मोबाईलवर ते चित्रीकरण बघत होतास.

मी परकर घेऊन तुझ्याकडं निघालो होतो. बनानं दंडाला धरलं. "नगा सांगू. जलमभर पोरीच्या तोंडाकडं बगायचा न्हाय त्यो." माधवी, तुझ्यापासूनही लपवून ठेवलं, कारण तू त्याला घरात राहू दिलं नसतंस. मला काय बोलायचं ते माझ्या फोटोला बोल.

इंद्रजित, परकर उजेडात धर. छर्ऱ्यांची भोकं काठापासून वर चढत गेली आहेत. त्यातलं सगळ्यात वरचं शोध, आणि परकर उकिडव्या बसलेल्या श्रेयाच्या कमरेला लावल्यासारखा धरून बघ, ते भोक पोरीच्या मांडीपासून किती लांब येतं. तुझं एक बोटही मध्ये मावणार नाही. हे बघूनही बंदूक हवी असेल तर पोलीस ठाण्यात जाऊन माग. अडवायला मी नसेन.

हे मृत्युपत्र मी शुद्धीवर असताना, कोणा माणसाच्या सांगण्यावरून नव्हे, भीतीपोटी, स्वतःच्या हातानं लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि खाली सही केली. सही वाकडी आली आहे. साक्षीदारांनी नोंद घ्यावी की मला कंपवात नाही.

सही : जोतीराम दत्तोबा गलांडे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली व ज्यांना कलम ३ खेरीज मजकूर दाखवलेला नाही :

१. सर्जेराव पानसरे, रा. डाळज. (शिडी उद्या आणून देतो.)

२. गोकुळ हगारे, रा. डाळज.

स्थळ : डाळज, ता. इंदापूर
दिनांक : ९ जून २०२५