पहिला पाव फरशीचा

३ मे १९३१
आलो बाई एकदाचे बेटावर! नवरा गेल्यापासून मेस्सिना शहरात कुढत बसण्यापेक्षा इथे लोणच्यासाठी केपरच्या झुडपांच्या कळ्या खुडणं शंभर पटीने बरं. घर काळ्या दगडाचं, मागे धुमसता ज्वालामुखीचा डोंगर. गंमत म्हणजे आतल्या खोलीत फरशीचा एक तुकडा कायम उबदार. शेजारच्या दोन्ना व्हेनेराने टोमणा मारलाच, शेगडी फुकट मिळाली, आता नवराही फुकट मागू नकोस. मग म्हणाली, कणीक तिथेच फुगवायची, पण पहिला पाव डोंगरासाठी फरशीवरच सोडायचा. डोंगराने वरची वस्ती गिळली तेव्हापासूनची रीत म्हणे. मी मान डोलावली.

८ मे
चांगला पाव वाया कशाला घालवायचा? पहिलाही आम्हीच खाल्ला. माझी लेक आगाता पाच वर्षांची, सारखी खोकते; तिला त्या जागेवर निजवलं. दुपारपर्यंत खोकला पळाला. आनंदाने मला रडूच आलं.

१५ मे
आगाता दुसरीकडे झोपतच नाही. खालून कुणीतरी थोपटतं म्हणते. मी फरशी चाचपली. ऊब आता तिच्याच आकाराची झाली आहे. डोकं, खांदे, मुडपलेले पाय.

१७ मे
तिला बाहेरच्या खोलीत खाटेवर निजवलं. दुपारी ऊब खाटेखाली. व्हेनेराला सांगितलं तसा तिचा चेहरा उतरला. पाव सोडला होतास ना, विचारलं. नाही म्हटलं. मग तुझ्या पोरीची चव लागली गं बये, म्हणाली, पहिल्या बोटीने नीघ.

१९ मे
दक्षिणेचा वारा सुटलाय. बोट नाही. फरशीवर पाव ठेवले, होते तेवढे सगळे. ऊब त्यांना शिवलीही नाही. आगाताला घेऊन व्हेनेराकडे गेले, तर आमच्यामागोमाग तिच्याही फरशीवर ऊब आली. परत जा म्हणून तिने हात जोडले. तिच्या घरात नातवंडं आहेत —

२० मे
आगाता टेबलावर निजली आहे. टेबलाचे पाय करपताहेत.

मीच खाली आडवी झाले. मला घे म्हटलं. भाजलं नाही — ऊब पसरते आहे, माझ्या मापाची. टेबल गार पडलं. सुटली माझी पोर —

पाठ फरशीवरून निघत नाही. डावा हातही —

आगाता जागी झाली. टेबल गार लागतं म्हणते. आईपाशी निजायचंय म्हणते. नको म्हणतेय मी, पण आवाज — तिथेच थांब बाळा — पाय खाली सोडले तिने, पाय