डावीकडची खुर्ची

कार्डिफ,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

लाडक्या एलियटला मझल मावशीचा शालोम आणि गालभर पापे.

तुम्ही तिघं मजेत असाल असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. माझे गुडघे सोडले तर मी ठणठणीत. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. शेजारच्या बाईने तिचं सफरचंदाचं झाड तोडून टाकलं, त्यामुळे आता तिच्या बाथरूमची खिडकी थेट माझ्या ओट्यावरून दिसते. दोघींचीही पंचाईत.

फोन सोडून ही पत्राची थेरं कशाला, असं म्हणशील. तू ठाण्यात सातवीपर्यंत शिकलास, तुला मराठी वाचता येतं. जोशला येत नाही, हदारलाही नाही. तुझ्या भावाने आणि बायकोने हे वाचू नये, एवढंच. घाबरू नकोस. नाही, थोडा घाबर.

आधी बँडची खबर देते, कारण तू विचारणार नाहीस आणि ऐकायची तर असणारच. 'कोल्ड टॅप'चं सध्या भलतंच जोरात आहे. माझ्या गॅरेजमध्ये रजया टांगून तुम्ही पहिलं गाणं रेकॉर्ड केलंत, तेव्हा अख्खी गल्ली कौन्सिलला तक्रार करायला निघाली होती. आता तीच माणसं माझ्याकडे पास मागतात. तिसरा अल्बम पहिल्या दहांत गेला. रेडिओवर इतका लागतो की दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा सुटका नाही. येत्या रविवारी कॅमडेनला मोठ्या हॉलमध्ये शो आहे, तिकिटं कधीच संपली. जोश गातो, कॅरिस ड्रम्स बडवते आणि मी दाराशी टी-शर्ट विकते. रिटायर झालेल्या नर्सेस म्हणे बागकाम करतात. मी मेली पोरांच्या छातीची मापं काढत बसते.

आणि गिटार?

तू बँड सोडलास तेव्हा दुसरा अल्बम सपशेल आपटला होता, तुला मिल्टन कीन्सची नोकरी मिळाली होती, हदारला दिवस गेले होते. तुझं काही चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही. जोशला वाटलं. तुमच्या त्या भांडणानंतर त्याने दुसरा गिटारवाला घेतलाच नाही. तुझे जुने ट्रॅक लॅपटॉपवरून, तुझ्याच अ‍ॅम्पमधून वाजवायचे ठरले. इथवर ठीक होतं. पण त्याने स्टेजवर डावीकडे, तुझ्या जागी, एक खुर्ची मांडली आणि तिच्यावर पांढरं कापड घातलं.

कुठून आलं ते तुला कळलं असेलच. सुंतेच्या दिवशी आपल्या ज्यू लोकांत एलियाहू हन्नाबीसाठी खुर्ची मांडतात, तीच त्याच्या डोक्यात. मी तेव्हाच ओरडले, "अरे गाढवा, ती नबीची खुर्ची. जो दिसत नाही पण येतो, त्याच्यासाठी ती मांडायची. घरी धडधाकट बसलेल्या माणसाच्या नावाने मांडतं का कोणी?" तर म्हणतो, "चिल, मावशी. इट्स अ ट्रिब्यूट." ट्रिब्यूट म्हणे!

मग ब्रिस्टलला एका पोरीने टी-शर्ट घेता घेता मला विचारलं, गिटारिस्ट सही द्यायला बाहेर का येत नाही? मला हसू आलं. म्हटलं, "बाळ, तो मिल्टन कीन्सला असतो, ऑफिसात कोड लिहितो." ती म्हणाली, "तो नाही. आत्ता खुर्चीत बसून वाजवत होता तो. ग्रे जंपरवाला." तो जंपर मीच विणलाय, एलियट, तुझ्या एकविसाव्या वाढदिवसाला. पोरीला मी सुटे परत द्यायचे विसरले.

पुढे एका पेपरात छापून आलं की बँडचा खरा जीव म्हणजे मान वर न करता वाजवणारा तो खुर्चीतला माणूस. जोशने कात्रण व्हॅनमध्ये चिकटवलं. मला वाटलं, प्रकाशाचा खेळ असेल. पण लीड्सला भर गाण्यात लॅपटॉप बंद पडला आणि गिटार वाजतच राहिली. दुसऱ्या दिवशी मोटरवेवरच्या खाण्याच्या थांब्यावर कॅरिस समोरच्या चिप्सना हात न लावता मला म्हणाली, "मझल, तो एलियटने कधीच न वाजवलेलं वाजवतो. अँड इट्स बेटर." नवीन अल्बममधल्या ज्या गिटारचं सगळे कौतुक करतायत ना, ती तू वाजवलेली नाहीस. स्टुडिओतसुद्धा खुर्ची होती.

आता तुझ्याकडे येते.

हदार मला अधूनमधून फोन करते. पहिल्यांदा तिने हसत हसतच सांगितलं, की सुपरमार्केटचं आपोआप उघडणारं दार तुझ्यासाठी उघडलंच नाही, ती मागून आली तेव्हा उघडलं. मग ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये तू बोलत असताना लोक विचारत होते, एलियट आला नाही का आज? मग एका राउंडअबाउटवर एक बाई तुझी गाडी जणू नाहीच अशी सरळ अंगावर आली. हे सांगताना हदार हसली नाही. आणि संध्याकाळी घरी आलास की ड्राइव्हवेवर गाडीतच डोळे मिटून बसतोस, काचेवर टकटक केली तरी ऐकत नाहीस, हात बर्फासारखे लागतात. प्रत्येक वेळी आमच्या शोचा दिवस होता. मी जुळवून पाहिलं, आणि मग जुळवलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

गेल्या शुक्रवारी मँचेस्टरला साउंडचेकच्या आधी स्टेज रिकामं होतं. मी कापड बाजूला केलं आणि त्या खुर्चीत बसले. बसायची जागा कोमट होती. एलियट, मी तुमच्या किचनमध्ये होते. फ्रिजशेजारच्या खुर्चीत. हदारने तुमच्या टालियाला पास्ता वाढला, स्वतःला घेतला आणि भांडं सिंकमध्ये ठेवलं. माझ्याकडे दोघींपैकी कोणीही बघितलं नाही. मी खाली बघितलं तर टेबलावर तुझे हात होते, लग्नाच्या अंगठीसकट.

कशीबशी उठले आणि तिथूनच हदारला फोन लावला. काय करताय, घरी कोण कोण आहे? म्हणाली, "जस्ट अस, मावशी, मी आणि टालिया. पास्ता खातोय." फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ओ गॉड. एलियट आहे ना. इथेच बसलाय."

मी जोशला धरला. वाटलं होतं, घाबरेल. तो काय म्हणाला सांगू? "मावशी, हा एलियट भांडत नाही. उठून जात नाही. मला असाच हवा होता." लहानपणी तुझी बोटं धरून झोपणारा पोरगा हा! मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याने गाल चोळला आणि म्हणाला, "एकदा त्याचा चेहरा बघ, मग मला मार."

त्या रात्री टी-शर्टचं टेबल सोडून मी आत गेले आणि बघितला. खूश होतास तू. माझी बहीण गेल्यापासून तुला इतकं खूश मी कधी पाहिलं नाही.

हेच लिहायचं टाळत होते. तुला कोणी ओढून नेत नाहीये रे. गाडीत डोळे मिटतोस तेव्हा कुठे जातोस, हे तुला पक्कं ठाऊक आहे. तुला जायचं असतं. गिटार हवी आहे ना तुला? मग पायांनी ये. ट्रेनमध्ये बस, जोशच्या तोंडावर भांड, बायकोला सांग की मला हे सोडवत नाही, पोरीला मांडीवर घेऊन वाजव. घरी नुसतं अंग ठेवून असं चोरून येऊ नकोस. चार वर्षांच्या टालियाला आज बापाला बघायचं विसरायला होतंय. उद्या तिला बाप होता हेच आठवणार नाही.

आज सकाळी शेजारणीने सहज विचारलं, मझल, तुला भाचे किती? मी म्हटलं, एकच, तो गाणारा. घरात येऊन किटली लावली, आणि मग तू आठवलास. मी तुला बाराव्या वर्षापासून वाढवलं आणि मी म्हटलं, एकच! म्हणून तशीच पत्र लिहायला बसले.

रविवारी त्या खुर्चीत मी बसणार आहे. जोशने किती आरडाओरडा केला तरी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत उठणार नाही. माझं काय होईल ते मला माहीत नाही, आणि भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण ती जागा रिकामी मिळणार नाही तुला. समोरून, माणसासारखा चालत आलास आणि म्हणालास, मावशी ऊठ, तरच मी उठेन.

हे पत्र सही घेऊनच देणाऱ्या टपालाने पाठवतेय. पोस्टमनने तुझ्या हातात दिलं असेल, तुझ्याकडे बघून तुझी सही घेतली असेल, तर रविवारपर्यंत वेळ आहे, आरामात ये. पण तू दारात उभा असूनही त्याने तुझ्या खांद्यावरून हदारला हाक मारली असेल, तर रविवारची वाट बघू नकोस. दोघींना सोबत घे, बूट घाल आणि आत्ता निघ.

तुझी जागा अडवून बसलेली,
मझल मावशी