जावईबापूंचा न्याय आणि माझी खिडकी

ती. आक्कास,

गुडघा वगळून उरलेल्या सर्वांगांनी नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला उतरला असेल, निदान तुला त्याची सवय तरी झाली असेल.

पत्रास कारण तुझे जावई. स्थळ पाहताना तू पगार पाहिलास, उंची पाहिलीस. विषय मात्र पाहिला नाहीस. हा माणूस राज्यशास्त्र शिकवतो, त्यातही न्यायाचे सिद्धान्त! ते आमच्याच कॉलेजात रुजू झाले तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत चार खुर्च्या. खिडकीजवळची माझी (सोबत टेबलपंखा, उशी आणि पाय ठेवायला स्टूल, हे सारं गुडघ्यासाठी, चैनीसाठी नव्हे). दाराजवळची सर्वांत वाईट, कारण येणारा प्रत्येक जण दार तिच्या पाठीवर आदळतो. नवा माणूस म्हणून ती जावईबापूंना मिळाली. आदळलं दार की ते गोड हसायचे. इतकं गोड कोणी उगाच हसत नाही.

मग चहाच्या सुट्टीत व्याख्यानं सुरू झाली. ज्याने त्याने आपापल्या जागी राहून आपापलं काम करावं हाच न्याय, असं कोणी प्राचीन विचारवंत सांगून गेला म्हणे. (हा गृहस्थ मला फार पटला. तिथेच थांबायला हरकत नव्हती.) पुढच्या कोणी म्हटलं, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख पाहा. गणिताच्या बाई लगेच माझ्या पंख्याकडे पाहू लागल्या. शेवटी जावईबापूंनी हुकमाचं पान टाकलं: अज्ञानाचा पडदा. म्हणजे आपल्या वाट्याला कुठली खुर्ची येणार हे ठाऊक नसताना सगळ्यांनी मिळून सोयी वाटायच्या, आणि मग खुर्च्यांच्या चिठ्ठ्या उचलायच्या.

"अहो, आमच्या वेदान्तात अज्ञानाचा पडदा फाडायला शिकवतात. तुम्ही नवा विणून आणलात!" मी म्हणालो.

"मामा, घाबरलात की काय?" हे सगळ्यांदेखत!

झालं. मतं पडली तीन विरुद्ध एक. भूगोलवाले म्हणाले, "दार माझ्याच कपाळी आलं तर? पंखा तिकडे न्या." त्याच भीतीने बाईंनी उशी नेली. स्टूल गेलं. दाराला रबराचा अडसर बसला. बघता बघता दाराशी सिंहासन तयार झालं, आणि खिडकीत उरली उघडी खुर्ची आणि दुपारचं ऊन.

चिठ्ठ्या उघडल्या. माझी खिडकी कोणाला गेली असेल? जावईबापूंनाच! म्हणे योगायोग. मला तर या गृहस्थांचा पहिल्या दिवसापासून डोळा तिच्यावरच दिसतो. घरी भांडी कोणी घासायची तेही पडद्याआडूनच ठरतं का, हे लेकीला जरा आडून विचार.

तुझा खिडकी गमावलेला,
धाकटा

ता. क. दाराची खुर्ची कोणाला आली ते लिहायचं राहिलं. मला. वरच्या नमस्कारात गुडघाही धरावा.

ता. क. दुसरा. आता जावईबापू म्हणतात, सर्वांत वाईट जागा खिडकीचीच झाली, म्हणून सिद्धान्ताप्रमाणे सोमवारी फेरवाटप. पंखा तिकडे जाणार. आक्का, लेकीकरवी त्यांना थोपव. न्याय एकदा झाला की त्याला सारखा हात लावू नये. चिठ्ठ्यांबद्दलही ते काहीबाही बोलत असतात. वास्तविक संशयाला जागाच नाही; सगळ्या घड्या मी स्वतः घातल्या होत्या.