वरून थोडा सांबार

पुणे, स्वातीच्या खोलीवरून

आदरणीय बाईस गुलाबचा सविनय जयभीम.

(वयाने तू माझ्याहून लहान आहेस, तुला आदरणीय लिहायची गरज नाही, हे मला कळतं. पण पुढचं वाचण्याआधी थोडा आदर तुझ्या पदरात टाकून ठेवावा असं वाटलं.) तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या मालकांचा, सोमाजी जावयांचा, खोकला थांबला का? माझ्या शेळ्यांना तू पाणी दाखवत असशीलच, तरी काळजी वाटते, कारण त्या काळ्या पाठीच्या शेळीला नुसतं पाणी दाखवून चालत नाही, तिच्याशी थोडं बोलावं लागतं. मोहफुलं वेचायला एकटी जाऊ नको. चार बायका सोबत घे आणि मोठ्याने बोलत राहा, म्हणजे वाघ बाजूने निघून जातो. इथे तसं नाही. मी रस्ता ओलांडताना कितीही मोठ्याने बोललो तरी तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या स्कूटरवाल्या पोरी बाजूला होत नाहीत.

तुला वाटेल, खिशात फोन असताना हा पत्र काऊन लिहून राहिला. त्याचं असं आहे की फोनवर तू रागावतेस आणि मधेच बंद करतेस. शिवाय तू फोन कानाला न लावता हातात धरून बोलतेस, आणि कुंपणापलीकडून अंजनाबाई सगळं ऐकून आपलंही मत देते. पत्र मधेच बंद केलं तरी पुन्हा उघडलं की तिथूनच सुरू होतं.

मुलचेऱ्याच्या स्टँडवर बसच्या खिडकीशी उभी राहून तू जे सांगितलंस ते मी विसरलो नाही. ‘दादा, पोरगा पाहून ये, पण नाई म्हणून ये.’ तुझ्या लेकीने, आपल्या स्वातीने, पुण्यात एक पोरगा पसंत केला आहे, तो नोकरीवाला नाही, खाण्याच्या धंद्यात आहे, एवढीच आपल्याला माहिती. नाहीच म्हणायचं तर पाहायचं काऊन, असं मी विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, ‘न पायता नाई म्हटलं तं पोरगी म्हणन, पायलं बी नाई.’ हे मला तेव्हा पटलं होतं. अजूनही पटतं. हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

बल्लारशाहून गाडीत बसलो तेव्हापासून मी नाही म्हणायचा सराव करत होतो. (समोरच्या बाकावरच्या बाईने जागा बदलली.) पण इथे आल्यावर नाही म्हणायला पोरगाच समोर येईना. स्वाती दवाखान्यातून ड्यूटी करून येते, तोंड धुते आणि म्हणते, ‘भेटवते ना मामाजी, त्याले सवड नाई. तवर शहर तं खाऊन पाहा.’ मी सांगितलं की माझं पोट नाजूक आहे, बंगाली डॉक्टरने तेलकट बंद केलं आहे. तर ती म्हणाली, ‘मी नर्स आहो ना संग.’ नर्स सोबत घेऊन खायला निघावं लागतं, अशा गावात भीती वाटणार नाही तर काय.

पहिल्या दिवशी तिने पोह्याच्या दुकानात नेलं. पोहे आले ते पिवळे आणि कोरडे, ना तर्री, ना चणे. मी मनाशी म्हटलं, असू दे, परका मुलूख आहे. फक्त त्या माणसाला म्हणालो, ‘भाऊ, वरून थोडा सांबार टाका.’ तो म्हणाला, ‘पोह्यावर?’ मी म्हटलं, ‘मग कशावर?’ त्याने स्वातीकडे पाहिलं, स्वातीने छताकडे पाहिलं, आणि त्या माणसाने आतून पळीभर गरम डाळ आणून माझ्या पोह्यांवर ओतली. तिच्यात शेवग्याची शेंग होती. बाई, पोहे पोहू लागले. मी घाबरून सगळे खाल्ले, कारण बाजूला पाटी होती की अन्न टाकू नये, आणि त्या पाटीवरचा माणूस माझ्याकडेच पाहत होता.

दुसऱ्या जागी वडापाव खाल्ला. म्हणजे आपला आलूबोंडाच, पण पावात कोंबलेला. मी कढी मागितली तर मागे रांगेत उभा असलेला एक पोरगा म्हणाला, ‘आजोबा, ताप आहे का?’ कढीशिवाय आलूबोंडा घशाखाली उतरतो कसा, हे या लोकांना कोणी विचारलेलं दिसत नाही. तो घास माझ्या छातीशी बराच वेळ मुक्कामाला होता. स्वातीने नाडी पाहिली. (ठीक होती, असं ती म्हणते.)

मग तिने इडली-डोशाच्या मोठ्या हॉटेलात नेलं. तिथे उत्तप्प्यावर हिरवं हिरवं शिवरलेलं दिसलं आणि मला इतका आनंद झाला की मी वाढणाऱ्याला म्हणालो, ‘वा! अजून सांबार आणा.’ त्याने वाटीभर डाळ आणली. त्याचं मन मोडू नये म्हणून मी ती प्यालो आणि उत्तप्प्यावर बोट ठेवून पुन्हा म्हणालो, ‘सांबार.’ त्याने दुसरी वाटी आणली. त्या हॉटेलात डाळ मागाल तितकी देतात आणि मी हिरवा सांबार मिळेपर्यंत मागायचं ठरवलं होतं, त्यामुळे आमच्या दोघांच्या हट्टात माझं पोट सापडलं. त्या रात्रीविषयी लिहीत नाही. स्वातीने मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि तिकडे तोंड करून हसली. मला वाटलं, पोर रडते आहे.

शेवटी भेळवाल्याकडे खुलासा झाला. त्याने आपल्या बाजारात मिळतो तोच सांबार, जुडीचा, हिरवागार, माझ्या डोळ्यांसमोर चिरला. मी ओरडलो, ‘हाच! हाच सांबार!’ तो म्हणाला, ‘काका, ही कोथिंबीर.’ बाई, कोथिंबीर आपल्या चौथीच्या पुस्तकात होती. मला इतकी वर्षं वाटत होतं की ती पुण्याकडची कोणी वेगळीच भाजी असेल, जरा नटूनथटून राहणारी. ती आपला सांबारच निघाली. जन्मभर ज्याच्याशिवाय जेवलो नाही त्याचं नावच या गावात कोणाला ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटलं. मी स्वातीला विचारलं, ‘तू काय म्हणतं इथी?’ ती म्हणाली, ‘कोथिंबीर म्हणते मामाजी. नाई तं डाळ येते.’ भेळ चांगली होती, पण मी ती परक्या माणसासारखी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मला दवाखान्यामागच्या गल्लीत घेऊन गेली. तिथे एक हातगाडी लागते. अंड्याचा रस्सा, भाकरी आणि भात. पेशंटचे नातेवाईक उभ्याने जेवत होते. गाडीवरच्या पोराने मला पाहताच आधी जयभीम केला आणि आपल्या बुडाखालचं स्टूल काढून दिलं. आता तोंडाने काही मागायचं नाही, असं मी ठरवून आलो होतो. त्याने ताटलीत रस्सा वाढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘मामाजी, वरून थोडा सांबार टाकू का?’

मी भीतीने ताटली मागे ओढली. रस्स्यावर परत डाळ कोण खाईल? पण त्याने टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं, मूठभर हिरवा सांबार उचलला आणि माझ्या रस्स्यावर शिवरला. बाई, तुझ्या परसातला वास आला. डोळ्यांत पाणी आलं. (रस्सा तिखट आहे, असं मी आजूबाजूच्या लोकांना सांगितलं.) आणि चार लोकांदेखत माझ्या तोंडून निघून गेलं, ‘बाबू, मले पोरगी असती ना, तं तुलेच देली असती!’

स्वातीने हातातली भाकरी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘मामाजी, भाची चालते काय?’

तोच तो पोरगा. राजदीप त्याचं नाव. जेवणाऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांचं माणूस आत आजारी पडलं आहे त्यांनीही वाजवल्या. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं, जयभीमची शपथ. पण तोंडात घास होता, तो भलतीकडे गेला आणि मला ठसका लागला. राजदीपने पाठ चोळली, पाणी पाजलं. मी त्याचं गाव विचारलं, पण ठसक्यात उत्तर ऐकू आलं नाही. सांबार म्हणतो म्हणजे आपल्याकडचाच, राजुऱ्याचा नाहीतर अहेरीचा, असं मी धरून चाललो. आपला जीव वाचवणाऱ्याला तोंडातलं पाणी गिळायच्या आत नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून ते काम मी उद्यावर टाकलं आहे. जेवताना निघालेला शब्द हा काही शब्द नव्हे. तू निश्चिंत राहा. उद्या सकाळी जाऊन नाही म्हणतो.

जावयांना जयभीम. शेळीशी बोल.

तुझ्या शब्दाबाहेर नसलेला,
गुलाब

ता. क. पाकीट चिकटवायला स्वातीच्या खोलीत डिंक नव्हता, त्यामुळे पत्र उघडंच राहिलं. सकाळी नाही म्हणायला म्हणून भाजीबाजारात गेलो, राजदीप तिथे असतो असं कळलं होतं. तो पाठमोरा उभा होता आणि भाजीवालीला सांगत होता, ‘मावशी, कोथिंबिरीच्या चार जुड्या द्या.’ कोथिंबीर! मला पाहून त्याच्या हातातली पिशवीच पडली. मी तिथल्या तिथे परीक्षा घेतली. म्हटलं, ‘भेदरे म्हणजे काय, सांग.’ समोर टमाटरांचा हा मोठा ढीग होता. तो म्हणाला, ‘भेदरे म्हणजे... घाबरलेली माणसं?’ आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘मामा, तुम्ही घाबरू नका.’ पोरगा सांगलीकडचा निघाला, बाई. जयभीम घरचा आहे, सांबार शिकवलेला. आणि मला आधी त्या सगळ्या दुकानांतून फिरवलं ते स्वातीने मुद्दाम, मी सांबारासाठी पुरता रडकुंडीला येईपर्यंत.

मला फार राग आला. आता नाही म्हणायला सोपं होतं. पण तो म्हणाला, ‘मामा, तुम्हाला फिरवलं ते तिने. शब्द मात्र मी पूर्वीच शिकलो होतो. तिला दिवसभर सगळीकडे कोथिंबीर म्हणावं लागतं. माझ्या गाडीवर तरी म्हणायला लागू नये.’ यावर नाही कसं म्हणायचं, ते तू मला बसच्या खिडकीशी शिकवलं नव्हतंस. मी त्याच्या जुड्या उचलून गाडीपर्यंत आणून दिल्या.

आणखी ता. क. आम्ही तिघं येत आहोत. राजदीपला चून-भाकर (इथे चुनाला पिठलं म्हणतात) आवडते, म्हणजे त्याने अजून खाल्ली नाही, पण स्वाती म्हणते की आवडते. तू होकार दे, असं मी म्हणत नाही. तुझा शब्द तो तुझा शब्द. चारचौघांत तुला नाही म्हणायचा संकोच होऊ नये म्हणून मी एक सोय केली आहे. चून वाढलं की तू त्याला एकदाच विचार. ‘वरून सांबार टाकू का?’ असं विचारलंस तर मी होकार समजेन. ‘कोथिंबीर टाकू का?’ असं म्हणालीस तर मी नकार समजेन आणि त्याला आल्या पावली बल्लारशाला गाडीत बसवून देईन. कोणालाही वाईट वाटणार नाही. तू नाही म्हणायला अगदी मोकळी आहेस. तेवढा तो ‘कोथिंबीर’ शब्द आतापासून म्हणून पाहा.