शेजारची सीट

१२ एप्रिल

चि. धाकट्यास अ. उ. आ.

पोहोचल्याचं फोनवर सांगितलंच. लेक मजेत आहे. जावईबापू सज्जन आहेत, पण गाडी चालवतात म्हणजे परीक्षेचा पेपर सोडवतात. सिग्नल हिरवा झाला तरी आधी खात्री करून घेतात. मागं बसून मी किती दिवस हवेत ब्रेक दाबायचे? शेवटी इथं आहोत तोवर फिरायला एक जुनी गाडी घेऊन टाकली.

विकणारी बाई लाँड्री चालवते. तिची भाषा मला कळली नाही, पण खोटं बोलण्याचा सूर सगळ्या जगात एकच. म्हणून इंजिन चालू करून ऐकलं. ते बिचारं खरं बोलत होतं. तरी घेतली, कारण इतक्या स्वस्तात घासाघीस करायचीही लाज वाटली. केली, ती गोष्ट वेगळी. रंग फिकट पिवळा, मागची एक काच खाली होत नाही. नाव ठेवलंय ‘इस्त्री’, कारण आत कडक कपड्यांचा वास आहे आणि तापते फार लवकर.

आता खरी गंमत. परवा गाडी लावून उतरताना माझ्या हातानं आपोआप आतला आरसा खाली वळवला. तुझ्या उंचीला! सकाळी बसलो तर आरशात माझंच पोट. आपली एकच टॅक्सी होती तेव्हाचा नियम रे: पाळी संपली की उतरण्याआधी आरसा दुसऱ्याच्या उंचीला लावून ठेवायचा. तू दिवसा, मी रात्री. तू उतरायचास, मी चढायचो, सीट तुझ्या अंगानं गरम असायची. रात्रभर मी ओळखीची ऊब घेऊन हिंडायचो.

तेव्हा लक्षात आलं, इतकी वर्षं गाडी चालवून आपण दोघं एका गाडीत पुढं शेजारी कधी बसलोच नाही. दुसरी टॅक्सी आली की जाऊ कुठंतरी, असं म्हणायचो. दुसरी आली, आणि दोघं दोन गाड्यांत गेलो. तेव्हा आता ये. तिकीट मी पाठवतो. सप्टेंबरात इस्त्री विकून आम्ही परत निघणार.

लोभ आहे, त्याला गंज चढू देऊ नकोस.
तुझा दादा

३ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून हिनं आणि मी पोट धरून हसून घेतलं. इतक्या गाड्यांचा मालक झालास आणि परदेशात जाऊन भंगार घेतलंस! वहिनींना विचार, धक्का मारायची सवय अजून आहे का.

माझं यायचं मात्र जमेलसं वाटत नाही. गुडघे कुरकुरतात. शिवाय जुनी गिऱ्हाइकं सोडत नाहीत. मास्तरीणबाईंना दुसऱ्या कोणाच्या गाडीत चक्कर येते म्हणे. रोज सकाळी गाडी काढावीच लागते. पुढं कधीतरी बघू.

लोभ आहेच, तो न सांगता चालू राहतो.
धाकट्या

२१ मे

चि. धाकट्यास अ. उ. आ.

गुडघे कुरकुरतात, हे तू मला कधी सांगितलंस? आजवर दुखलं म्हणून तू दाढही दाखवली नाहीस. आयुष्यभर मी मागच्या सीटवरचं बोलणं पाठीनं ऐकलंय. माणूस एकाला दोन कारणं देऊ लागला की तिसरं खरं असतं. परवा ऐन धंद्याच्या वेळी घरी फोन केला तर तूच उचललास, आणि मास्तरीणबाईंचं नाव काढताच लाइन खराब झाली. असो.

इकडची खबर: काल एका म्हातारीनं फुटपाथवरून हात वर केला. मी कचकन गाडी बाजूला घेतली! ती शेजारणीला हाक मारत होती. पण गाडी थांबलीच आहे म्हटल्यावर पिशव्यांसकट मागं बसली. माझा हात मीटर पाडायला गेला, तिथं काहीच नव्हतं. घरापाशी सोडलं तर तिनं मला एक सफरचंद दिलं. तुझी वहिनी म्हणते, इतक्या वर्षांत पहिली प्रामाणिक कमाई.

अर्धं ठेवलं असतं, पण तू येत नाहीस.
तुझा दादा

९ जून

ती. भावोजींना शि. सा. न. वि. वि.

हे अंघोळीला गेलेत तोवर घाईनं लिहिते. यांच्या डाव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही. उजवा चांगला आहे, पण डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. किल्ली खिळ्याला टांगलीय. तरी रोज सकाळी गाडी धुतात, पुसतात आणि परत घरात येतात. तुमच्या शेजारी बसायची फार इच्छा आहे, पण म्हणतात, दादा चालव म्हणाला तर काय सांगू? मी कळवल्याचं बोलू नका.

आशीर्वाद असावाच, शिवाय थोडी युक्तीही.
आपली धाकटी

२८ जून

चि. धाकट्यास अ. उ. आ.

एक अडचण झालीय. इथं चालवणारा डावीकडे बसतो, आणि गाड्या आपल्या उलट्या बाजूनं पळतात. डावीकडचं मला दिसतं, उजवीकडचं राहून जातं. दांड्याही उलट्या, वळायचा दिवा लावायला जावं तर वायपर हलतात. काल एका दुधाच्या गाडीला चाटून जाता जाता वाचलो. लेक म्हणते, गाडी विका. पण तू आलास की आपण दोघांनी समुद्रापर्यंत जायचं, असं मी ठरवलंय.

उजवीकडे बसून उजवीकडचं बघणारा आणि चुकलो की शिव्या घालणारा माणूस पाहिजे. जावई शिव्या घालत नाहीत, तुझी वहिनी थांबत नाही. स्टिअरिंगला मी तुला हातही लावू देणार नाही, इस्त्री माझी आहे. चालवायला नको, ओरडायला ये.

वाट बघणारा, इंजिन चालू ठेवून,
दादा

१६ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

आयुष्यात तू मला गाडीला हात लावू देणार नाही असं पहिल्यांदा म्हणालास, आणि गुडघ्यांची चौकशीही केली नाहीस. त्यावरून कळलं, तुला कळलंय. हिला विचारलं तर ही उगाच भांडी घासत बसली.

तिकीट पाठव. उजवीकडचं मी बघीन. शिव्या जुन्याच आहेत, चालतील ना?

आरसा तुझ्याच उंचीला राहू दे. आणि मी चढेन तेव्हा सवयीनं उतरू नकोस.

तुझा
धाकट्या