पनवतीचा शोध

सोमवार, ३ तारीख
आजपासून रोजनिशी. वही कंपनीचीच, लिफ्टच्या नोंदींची. मागची पानं कोरी होती. माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, म्हणून सगळं खरं लिहायचं.

दातांच्या डॉक्टरांच्या इमारतीतली लिफ्ट शनिवारी मी सर्व्हिस केली. आज सकाळी अडकली. आत दाढदुखीचा पेशंट होता. बाहेर काढला तेव्हा भीतीनं त्याची दाढ दुखायची थांबली होती, पण त्याबद्दल कोणी माझे आभार मानले नाहीत.

महिन्याचे दिवस तीन, तक्रारी दोन. सुपरवायझरनं केबिनमध्ये बोलावलं. महिन्यात पाच तक्रारी झाल्या की माझी रवानगी गोदामात. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला गोदाम! आमचा एक जुना मेकॅनिक तिथे गेला, त्याला नऊ वर्षं झाली. परवा त्याचं नाव आठवायला तिघांना एकत्र बसावं लागलं.

केबिनमधून बाहेर आलो तर कंट्रोल रूममधली फोनवाली शेजारणीला हळूच म्हणाली की पनवती आली बघ. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

संकल्प: ही पनवती कोण, ते शोधून काढायचं. शास्त्रशुद्ध.

मंगळवार, ४ तारीख
दिवसभर कान उघडे ठेवले. शब्द चौदा वेळा ऐकू आला. खालच्या मजल्यावरच्या काकू मिक्सर जळाल्यावर काकांना म्हणाल्या. बसमध्ये एकानं दुसऱ्याला स्कोअर विचारला, तेवढ्यात विकेट गेली, तर विचारणारा पनवती. न्हाव्याकडे लाइट गेले, तर माझ्या आधीचं गिऱ्हाईक पनवती. (ते गिऱ्हाईक मात्र पनवती मीच असं म्हणत होतं. पण त्याची अर्धी दाढी राहिली होती, माणूस चिडणारच.)

निष्कर्ष: पनवती कधीच आपण स्वतः नसतो. ती आपल्या आसपास असते. शोध जवळच घ्यायला हवा.

बुधवार, ५ तारीख, सकाळी
सापडली. घरातच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

हिचा धाकटा भाऊ चार महिन्यांपासून आमच्याकडे राहतोय. छापखान्यात प्रूफं वाचायचा. छापखाना बंद पडला. मग एका साप्ताहिकात लागला, ते बंद पडलं. मग जाहिरातवाल्यांकडे, त्यांनी तर बंद पडल्याचीच जाहिरात दिली, आणि तीही यानंच तपासली. अजून काय पुरावा हवा?

आता लिफ्ट सहा महिन्यांपासून अडकताहेत आणि मेहुणा चार महिन्यांपूर्वी आला, हे खरं आहे. पण माणूस दाराशी येण्याआधी त्याची सावली येते.

त्याला मोठ्यानं वाचायची खोड आहे. बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली, काही दिसू दे, वाचणार. सकाळी चहाच्या वेळी माझं त्या दिवशीच्या कामाचं जॉबकार्ड उचलतो आणि बातम्या दिल्यासारखं वाचतो. दाराच्या कॉन्टॅक्टमधलं अंतर तीन मिलिमीटर. मग माझ्याकडे बघून म्हणतो, भाऊजी, तीन हं, आठ नव्हे. जसं काही मला तीन आणि आठ कळत नाहीत. कार्डावरची अक्षरं कंपनी हल्ली मुंगीच्या पायाएवढी छापते, शाई वाचवायला.

सहज विचारल्यासारखं त्याला पनवतीचा अर्थ विचारला. म्हणाला की मूळ शब्द शनीच्या फेऱ्याचा. पनवती म्हणजे माणूस नाही, मुदत. येते, भोगायची, संपते. पुढे लोकांनी आळसानं ती माणसांना चिकटवली. हे सांगताना जरा हसला. चोराच्या मनात चांदणं.

शुक्रवार, ७ तारीख
प्रयोग पहिला. मेहुणा उठायच्या आत घराबाहेर पडलो. त्याचं तोंड पाहिलं नाही, त्याचा आवाज ऐकला नाही. कार्ड सरळ खिशात.

दुपारी दोनला बँकेच्या इमारतीतली लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामध्ये बंद. आत मॅनेजर. तक्रार तिसरी.

निष्कर्ष: टाळलं की पनवती चवताळते.

सोमवार, १० तारीख
प्रयोग दुसरा. मुद्दाम त्याचंच तोंड आधी पाहिलं. त्यानं तिन्ही कार्डं वाचली, दोन वेळा, वर अंतरांचे आकडे पाठ म्हणून घेतले. आज तिन्ही लिफ्ट लोण्यासारख्या चालल्या. एकही फोन नाही.

निष्कर्ष: पनवती दबा धरून बसली आहे. लक्षण चांगलं नाही.

मंगळवार, ११ तारीख
हिच्यासमोर पुरावे मांडले. तक्ता केला होता. मी तक्ता उलटा धरला आहे हे हिनं दाखवून दिलं, आणि म्हणाली की सहा महिने झाले सांगतेय, डोळे तपासून घ्या.

डोळ्यांचा इथे काय संबंध? माझी नजर घारीची. पेपर मी बिनचष्म्याचा वाचतो, फक्त हात पूर्ण लांब करावा लागतो. दोष असलाच तर हाताच्या लांबीचा आहे. आणि चष्मेवाला मेकॅनिक लोकांना चालत नाही. लिफ्टमध्ये पाय ठेवण्याआधी ते माझ्या तोंडाकडे बघतात.

शेवटी स्पष्टच सांगितलं की तुझा भाऊ पनवती आहे, त्याची दुसरीकडे सोय बघ. आवाज जरा चढला असावा. स्वयंपाकघरात मेहुणा डब्यावरचं लेबल वाचत होता, तो मध्येच थांबला.

बुधवार, १२ तारीख
गेला. भांडण नाही, काही नाही. एक बॅग घेतली आणि म्हणाला की मित्राची सहाव्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे. हिच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाला, भाऊजी, तब्येतीला जपा.

जाताना टेबलावर कागदांची चवड ठेवून गेला. माझी पुढच्या आठवडाभराची आगाऊ मिळालेली सगळी कार्डं त्यानं बोटभर उंचीच्या अक्षरांत उतरवून काढली होती. मी काय बालवाडीत आहे? चवड उचलून माळ्यावर टाकली.

सुटलो एकदाचा. उद्यापासून नवा जन्म.

गुरुवार, १३ तारीख
ही बोलत नाही. ताट वाढते, पण असं आपटते की वाटी उडी मारते. घरात फार शांतता आहे. सकाळी चहा घेताना वाटलं की कोणीतरी काहीतरी वाचावं. सवय वाईट, दुसरं काय.

शुक्रवार, १४ तारीख
तक्रार चौथी.

मला कळत नाही. पनवती घरातून गेली, मी निर्मळ, हत्यारं तीच, हात तेच. शाळेची लिफ्ट. नशीब, आत मुलं नव्हती. आत मुख्याध्यापक होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं नाही एवढंच.

आता एकच उरली. सुपरवायझर ओरडलाही नाही. खुर्ची दिली आणि विचारलं की गोदामातल्या थंडीचा त्रास होईल का तुम्हाला. तो इतका प्रेमानं बोलला की मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. मी या कामाशिवाय कोण आहे? रस्त्यानं जाताना मी इमारती बघत नाही, त्यांच्या लिफ्ट बघतो. चारचौघांत मला दुसरं काही बोलता येत नाही.

सोमवार, १७ तारीख
घड्याळ उजव्या हातात बांधलं. मिशी काढली. घरातून उजवा पाय आधी टाकला, मग आठवलं की परवा उजवाच टाकला होता, म्हणून परत आत येऊन डावा टाकला. यात बस चुकली.

कार्डावर तेरा नंबरची इमारत होती. मी अठरा नंबरमध्ये गेलो. दीड तास लिफ्ट शोधली. तिथे लिफ्टच नाही, दोनच मजले आहेत. वॉचमननं शेवटी पाणी दिलं आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. तक्रार नोंदली गेली नाही, म्हणून दिवस चांगलाच म्हणायचा.

फोनवालीनं आज मला पाहून शेजारणीला काहीच सांगितलं नाही. नुसतं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. त्यापेक्षा पनवती म्हणालेली परवडली.

बुधवार, १९ तारीख
खरं लिहायचं ठरलंय, म्हणून लिहितो. पहाटे स्टूल घेऊन माळ्यावरून ती चवड काढली. आजच्या कार्डाचा कागद होता. मोठ्ठं अक्षर: अंतर तीन मि.मी. खाली कंसात: आठ नव्हे. त्याच्याही खाली: भाऊजी, जेवून घ्या.

त्याप्रमाणे केलं. लिफ्ट दिवसभर चालली. मी संध्याकाळपर्यंत समोरच्या पायरीवर बसून ती वर-खाली जाताना बघत होतो.

योगायोग असू शकतो. एका प्रयोगावरून काही सिद्ध होत नाही.

चवडीतले कागद संपले. हा शेवटचा होता.

गुरुवार, २० तारीख, सकाळी
ही बोलली. म्हणाली की एक तर त्याला घरी आणा, नाही तर मी बॅग भरते. सात दिवसांतलं पहिलं वाक्य, आणि तेही असं.

आजचं कार्ड नेमकं मेहुण्याच्याच इमारतीचं आहे. माझ्याच राउंडमधली. एका दगडात दोन पक्षी: सर्व्हिसही उरकायची, आणि वर जाऊन त्याला घेऊन यायचं. माफी वगैरे नाही. पनवतीची मुदत संपली असं सांगायचं, म्हणजे त्याचाही मान राहील.

कार्ड हात लांब करून वाचलं. आठ मि.मी. स्वच्छ आठ दिसतो आहे.

त्याच दिवशी, दुपारी पावणेएक
लिफ्टमधून लिहितोय. सर्व्हिस उरकून मेहुण्याकडे वर निघालो आणि अडकलो, चौथ्या आणि पाचव्या मजल्यामध्ये.

सोबत एक रिटायर्ड नर्सबाई आहेत, भाजीच्या पिशवीसह. त्या म्हणाल्या की कोणत्या पनवतीनं हात लावला या लिफ्टला, कालपर्यंत बरी होती. मी हत्यारांची पेटी पायानं मागे सरकवली.

भिंतीवर आमच्याच कंपनीची पाटी आहे, मदतीसाठी फोन करा. नंबर मला दिसेना. दिवा मंद आहे म्हटलं. बाई म्हणाल्या की दिवा चांगला आहे, आणि नंबर वाचून दाखवला. त्यांनीच आपल्या फोनवरून लावला. फोनवालीनं तक्रार घेतली आणि सांगितलं की घाबरू नका, तुमच्या भागातला मेकॅनिक तुमच्या अगदी जवळ आहे, त्याला कळवते.

आणि माझ्या खिशातला फोन वाजला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पेटीकडे. मी फोन उचलला. फोनवालीनं विचारलं की पोचायला किती वेळ लागेल. मी म्हटलं, पोचलोय.

दुपारी दीड
सुपरवायझर स्वतः निघालाय. मेहुणा आवाज ऐकून खाली आला आणि पाचव्या मजल्यावर दाराशी बसला. बाईंना दम लागल्यासारखं झालं, तर त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून खिशात सापडेल ते मोठ्यानं वाचतोय. आत्तापर्यंत बसचं तिकीट, एक कपडे धुवायच्या पावडरीचं पाकीट आणि घरमालकाची नोटीस झाली. बाईंना बरं वाटतंय. मलाही.

दारातूनच त्याला म्हटलं की घरी चल. तो म्हणाला, भाऊजी, पनवतीला जागा आहे का घरात? मी म्हटलं, एक आधीपासूनच राहते तिथे. तिला सोबत होईल.

मी बाहीनं नाक पुसलं. बाईंनी पिशवीतून काकडी काढून दिली.

शुक्रवार, २१ तारीख
गोदाम. सगळ्या खोक्यांवर लेबलं आहेत. मला एकही वाचता येत नाही. चष्मा सोमवारी मिळेल. डॉक्टरांनी नंबर सांगितला तेव्हा ही हसली नाही, नुसता माझा हात धरला.

कालचं राहिलं लिहायचं. सुटल्यावर सुपरवायझरनं फॉर्म पुढे केला. त्यात बिघाडाचं कारण असा रकाना असतो. सहा महिने मी तिथे 'अज्ञात' लिहीत आलो. काल पेन मेहुण्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, लिही: कॉन्टॅक्टमधलं अंतर तीनऐवजी आठ ठेवलं. मेकॅनिकला दिसत नाही. मेकॅनिकचं नाव लिही, पूर्ण.

त्यानं लिहिलं आणि सवयीप्रमाणे जिन्यात उभं राहून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. मी नीट ऐकलं. एकही दुरुस्ती निघाली नाही.